फेरम घराण्यातला बेपत्ता

१

"बकारामकाका, ते पाणी खरंच आपल्याच बोअरचं होतं का?"

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पैज रीना आणि डिंपलची. ग्रामसभेत स्वागतगीत म्हणायला आम्हा तिघींना बोलावलं होतं आणि गीत संपल्यावर चिवड्याची पुडी मिळेपर्यंत गप्प बसायचं होतं. तेवढ्यात रीना कानाशी आली. "गोंदियाच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली काय आली, जमिनीवर पाय नाही तुझे. एवढी बोलतेस ना, मग विचारून दाखव." डिंपल म्हणाली, "विचारलंस तर माझा चिवडा पण तुझा."

मी उठले. आजकाल मी पटकन उठते.

आधी काय झालं ते सांगते. आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून सहा किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला लागून. गावच्या नळाला पाणी येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ असतं. बादलीत तासभर ठेवलं की लाल पडतं. भात पिवळा शिजतो, भांड्यांना कडं पडतं, आणि पोरींच्या पांढऱ्या ओढण्या चहात बुडवून काढल्यासारख्या होतात. शाळेत आमच्या गावच्या पोरींना 'चायपत्ती' म्हणतात. माझी ओढणी तेवढी पांढरी, कारण आमच्या घरी जुनी विहीर आहे, गोड पाण्याची. ह्याचा मला आधी अभिमान वाटायचा. आता रीनाच्या शेजारी बसताना मी ती ओढणी जरा आत खोचते.

मागच्या वर्षी पाण्याचा नमुना तपासला, लोह भरमसाट निघालं, आणि लोह काढायचं यंत्र मंजूर व्हायच्या रांगेत लागलं. ह्या वर्षी ताजा अहवाल हवा होता. म्हणून एका रविवारी चार वाजता सरपंच नंदलालभाऊ आणि पाच पंचांसमोर बोअरवर एक पांढरी कॅन भरली, झाकण लावलं, आणि गावचा पंप चालवणाऱ्या बकारामकाकांच्या हातात दिली. त्यांनी ती सोमवारी सकाळच्या गाडीने गोंदियाच्या प्रयोगशाळेत पोचवली.

आज नंदलालभाऊंनी तो अहवाल वाचला. "लोह शून्य दशांश दोन. मर्यादेत. सबब यंत्राची आवश्यकता नाही."

सभेत एकदम सगळे बोलायला लागले. त्या गोंधळात माझा प्रश्न खणखणीत वाजला. स्पर्धेसाठी कमावलेला आवाज होता तो.

बकारामकाका उभे राहिले. "बोअरचंच होतं, बाई."

"मग लोह कुठं गेलं?" ही मात्र माझीच भर.

"ते मले काय मालूम?"

मागून कुणीतरी ओरडलं, "गोंद्याच्या ठेसनावर नळ हाय ना! कॅन सांडली असन, तिथंच भरली असन!" हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने देवानंद हसला. तोच, जो गावात पाण्याचे जार विकतो.

"रातभर कॅन कुठं होती गा?" नंदलालभाऊंनी विचारलं.

"माह्या घरी. दाराआड," काका म्हणाले, आणि आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले.

मग माझे बाबूजी उठले. बाबूजी उपसरपंच आहेत. शांत आवाजात म्हणाले, "एवढ्या मोठ्या कामात हलगर्जी झाली. शुक्रवारच्या सभेत बकारामले कामावरून काढायचा ठराव ठेवा. त्याची चूक ठरावात लिहू, म्हणजे दुसरा नमुना पाठवता येईल."

एकोणीस वर्षं तो माणूस पहाटे पंप सुरू करतो. एकोणीस वर्षांचं काम माझ्या दोन वाक्यांत गेलं.

डिंपलने कबूल केल्याप्रमाणे पुडी माझ्या हातात ठेवली. मला तो चिवडा गिळवला नाही. खरं सांगायचं तर अर्धा गिळला, मग नाही.

२

"मॅडम, लोह पाण्यातून पळून जाऊ शकतं का?"

मंगळवार, तिसरा तास. वर्ग हसला. रश्मी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर मोठ्ठं एफ आणि लहान ई काढलं. "लोखंडाला इंग्रजीत आयर्न म्हणतात. त्यात एफ कुठे आहे?"

कुठेच नव्हता.

"हे लॅटिन नाव आहे. फेरम. रोमन लोक लोखंडाला फेरम म्हणायचे. ते गेले, घराणं राहिलं." आणि मॅडमनी वंशावळ मांडावी तशी नावं लिहिली. फेरस. फेरिक. फेराइट, रेडिओतल्या काळ्या कांडीचं. फेरोक्रोम, स्टीलच्या कारखान्यातलं. फेरिटिन, आपल्या रक्तात लोह साठवून ठेवणारं.

"मॅडम, माझं फेरिटिन कमी आहे," रीना म्हणाली. "डॉक्टरनी लिहून दिलंय."

"घ्या!" डिंपल म्हणाली. "नळात एवढं लोह, आणि हिच्या अंगात नाही."

"मॅडम, फेरीवाला पण फेरमचाच का?" मागच्या बाकावरून आलं.

"नाही. आणि फेरफारही नाही," मॅडम म्हणाल्या, "तो तुमच्या गावात झालाय असं ऐकते."

म्हणजे बातमी अर्जुनीपर्यंत आली होती. माझे कान तापले.

मधल्या सुट्टीत मी आणि रीना प्रयोगशाळेत गेलो. मॅडमनी मला दोन बाटल्या दाखवल्या. एकीत फिकट हिरवे खडे, दुसरीत पिवळा-तपकिरी द्राव. "हा फेरस सल्फेट, हा फेरिक क्लोराइड. लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले की तो फेरस, तीन दिले की फेरिक. आता नीट ऐक, उर्वशी. जमिनीखाली हवा नसते. तिथे तो फेरस असतो, पाण्यात विरघळलेला. डोळ्याला दिसत नाही. वर आला, हवा लागली, की त्याचा फेरिक होतो. फेरिकला तुमच्या बोअरच्या पाण्यात विरघळून राहता येत नाही. तो लाल गाळ होतो आणि तळाशी बसतो."

"एका बापाचे दोन पोरं," रीना म्हणाली. "एक गर्दीत मिसळून जाणारा, दुसरा जिथं जाईल तिथं बसकण मारणारा."

"अगदी तसंच. आणि हा दुसरा ओळखायचा कसा, ते बघ." मॅडमनी फेरिकच्या द्रावात हिरड्याचं पाणी दोन थेंब टाकलं. द्राव शाईसारखा काळा झाला. "हिरड्यात टॅनिन असतं. चहात पण असतं. मातीचा डाग हिरड्याने काळा पडत नाही, लोहाचा पडतो."

मी वहीत लिहून घेतलं. मग रीनाचा फोन घेतला. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेल्या दोन्ही अहवालांचे फोटो तिने काढून ठेवले होते, मागच्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा. आम्ही तिघींनी ते आलटून पालटून बघितले.

मागच्या वर्षी लोह तीन दशांश आठ. ह्या वर्षी शून्य दशांश दोन.

"बाकीच्या ओळी वाच," मॅडम म्हणाल्या.

कठीणपणा मागच्या वर्षी २१२, आता २०८. क्लोराइड ४६, आता ४५. विरघळलेले क्षार ३९०, आता ३८४.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना खुर्ची मागे पडली, इतक्या जोरात उठले. "मॅडम! हे आपल्याच बोअरचं पाणी आहे!"

"कशावरून?"

"स्टेशनच्या नळाचं असतं तर सगळेच आकडे बदलले असते. इथं सगळे जागच्या जागी आहेत. एकटं लोह गेलंय!"

मॅडमनी खुर्ची उचलून सरळ केली. "म्हणजे बकाराम खरं बोलतात."

"पाण्याबद्दल तरी," रीना म्हणाली. ही मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे, पण हे तिला सांगायचं नाही.

३

संशयित नंबर एक, देवानंद. कारण सरळ आहे. यंत्र आलं की त्याचे जार कोण घेणार?

बुधवारी संध्याकाळी तो त्याच्या शेडमध्ये जार धूत बसला होता. मला बघून म्हणाला, "आओ वकीलसाहेब! आज किसको अंदर करना है?"

"देवानंदभाऊ, त्या सोमवारी बकारामकाकांना स्टेशनवर तुम्ही सोडलं ना?"

"छोडा ना. फाट्यावर उभा होता, हातात कॅन. म्हटलं बस गा टेम्पोत. पुण्य केलं तर आता ते पण गुन्हा?"

"टेम्पोत तुमचे भरलेले जार होते."

"वीस होते. मग?" त्याने हातातला जार खाली ठेवला. "तुले वाटतं मी कॅन रिकामी करून माझं पाणी भरलं? अरे, माझं मशीन पाण्यातलं सगळंच काढते. मीठ, क्षार, लोह, सब साफ. माझ्या पाण्याचा क्षाराचा आकडा माहीत आहे? चाळीस! ते बघ." भिंतीवर पेनासारखं मीटर लटकलं होतं. त्याने ते जारात बुडवून माझ्या नाकापुढे धरलं. एकेचाळीस.

आणि अहवालात होते तीनशे चौऱ्याऐंशी.

मला त्याच्यावर संशय घ्यायचा होता, मनापासून घ्यायचा होता. पण आकड्याशी भांडता येत नाही.

"बकारामकाका टेम्पोत काही बोलले?"

"काही नाही. नवे कपडे, डोक्यावर हळदीचे डाग, आणि डोळे अर्धे मिटलेले. रातभर नाचून आल्यासारखा. मी म्हटलं, रात्र कुठं काढली गा? तर म्हणे, घरी." देवानंद हसला, पण सभेत हसला तसं नाही. "पोरी, माझं नुकसान होईल यंत्र आलं तर. होऊ दे. पण माझ्या पोरीची ओढणी पण लालच आहे. जारचं पाणी प्यायला पुरते, धुवायला नाही."

मी परत निघाले तेव्हा माझ्या हातात एकच धागा होता. हळदीचे डाग.

४

गुरुवारी शाळेतून आल्याआल्या मी पंपाकडे गेले. उद्या सभा होती.

बकारामकाका पंपघराच्या दारात बसून चिंधीने पाना पुसत होते. मी समोर बसले, जमिनीवरच.

"काका, चुकलं माझं. सभेत तसं विचारायला नको होतं."

"विचारावं बाई. विचारल्याबिगर कसं कळते?" त्यांनी पाना फिरवून दुसऱ्या बाजूने पुसायला घेतला. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"पाणी आपल्याच बोअरचं होतं हे मला कळलंय. आकडेच सांगतात. पण त्यातलं लोह कुणीतरी बाजूला काढलंय. त्याला वेळ लागतो. रात्रभर ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं घ्यायचं. कॅन रात्री तुमच्याच घरी होती?"

"होती."

"तुम्ही उघडली?"

"नाई."

"मग कुणी उघडली?"

पाना लख्ख झाला होता, तरी काका पुसत राहिले.

तेवढ्यात रुख्माबाई आल्या, त्यांची बायको, डोक्यावर मोळी. मोळी टाकली, घाम पुसला आणि म्हणाल्या, "तू बिसेनाची उर्वशी ना? सांग तुह्या बाबूजीले. माह्या माणसानं एकोणीस वर्षांत एक दिवस पंप बंद नाई ठेवला. माह्या भाचीच्या लग्नात रातभर पाय ठरले नाई याचे, पहाटंच म्हणे, मले जाऊ दे, कॅन न्याची हाय. थेट नागझिऱ्याकडून आला, उपाशी!"

"रुखमे," काका म्हणाले. एवढंच.

पण मी ऐकलं होतं. "मावशी, लग्न कधी होतं?"

"त्याच ऐतवारी. आम्ही दोघंही पाच वाजता निघालो..." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर ओढला.

चार वाजता कॅन भरली. पाच वाजता हे दोघं गावाबाहेर पडले. घराला कुलूप. आणि कॅन सकाळी फाट्यावर काकांच्या हातात.

"काका, रविवारी रात्री कॅन तुमच्या घरी नव्हतीच."

त्यांनी पाना खाली ठेवला. "बाई, एक सांगतो. मले सांगितलं होतं, कॅन हातातून सोडायची नाई. मी सोडली. चूक माही हाय. काढू द्या मले."

"कुणाकडे ठेवली होती?"

"जिच्या हातचं पाणी मी प्यालो, तिचं नाव मी चावडीवर नाई घेत."

तिचं. म्हणजे बाई होती ती.

मी उठले. रुख्माबाई दोन पावलं माझ्या मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुही माय काल आली होती वो माह्याकडे. पायलीभर तांदूळ ठेवून गेली. मी म्हटलं, कायले वो बाई? नुसती उभी होती."

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी एवढाच विचार केला, की आई किती चांगली आहे.

५

काका लग्नाहून थेट आले, म्हणजे कॅन त्यांनी फाट्याजवळूनच उचलली. फाट्यावर कोण राहतं? पंपाकडून घराकडे येताना मी बोटं मोजत होते. पानठेला, तो रात्री बंद. पतिरामची सायकल दुरुस्ती, तोही एकटा माणूस, बाई नाही. शाळेची जुनी इमारत. आणि...

आणि आमचं घर.

मी रस्त्यातच थांबले. शेजारून म्हैस गेली, तिने मला ढकललं, तरी थांबले.

त्या रविवारी मी घरी नव्हते. शनिवारपासून बाबूजी आणि मी गोंदियात होतो, स्पर्धेसाठी, मुक्काम मुर्रीला आत्याकडे. सोमवारी संध्याकाळी ढाल घेऊन परत आलो. रविवारी रात्री घरी फक्त आई होती.

घरात शिरले तेव्हा आई मागे धान पाखडत होती. मी स्वयंपाकघरात गेले. पाण्याची गुंडी, तिच्या तोंडावर गाळायचा फडका. आमच्याकडे पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, पाहुण्याला तर नाहीच नाही. आई म्हणते, पाणी कसं दिलं त्यावरून घर कळते. तिचा फडका नेहमी पांढराशुभ्र असतो, कारण आमच्या विहिरीला लोह नाही.

हा फडका नवा होता. जुना कुठे?

जुना सापडला. चुलीजवळ, भांडी उचलायला घेतलेला. कडा पांढऱ्या, आणि मधोमध ताटलीएवढा तपकिरी गोल. दोन आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोर होता. ह्याच फडक्याने मी रोज दुधाचं पातेलं उतरवत होते.

चहाचा डाग असेल, मी मनाला म्हटलं. मातीचा असेल. असू दे देवा.

डब्यातला हिरडा काढला, खोकल्यासाठी आई ठेवते तो. वरवंट्याने ठेचला, वाटीत पाणी घालून कालवला, आणि बोटाने त्या गोलावर लावला. पांढऱ्या कडेलाही लावला, तुलनेसाठी. मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या.

कड पिवळसर झाली. मधला गोल हळूहळू, काठापासून आत, काळा पडत गेला.

फेरम घराण्यातला बेपत्ता सापडला होता. आमच्या घरात.

"काय करून राहिली व?" मागे आई उभी होती, हातात सूप.

मी फडका वर धरला. आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सूप अलगद खाली ठेवलं.

६

आईने सगळं सांगितलं. चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता.

"बकाराम आला साडेचारला. म्हणाला, वहिनी, लग्नाले जाऊन राहिलो, ही कॅन उद्या पहाटे नेतो. पाणी मागितलं, दिलं. तो गेला. दिवे लावायच्या वेळी पाहिलं तर पांढऱ्या कॅनमधून लाल दिसून राहिलं. मी झाकण काढलं. खाली ही एवढी घाण. मले लाज वाटली, पोरी. असं पाणी गोंद्याच्या साहेबाच्या टेबलावर? म्हणतील, कसले लोक आहेत, धड गाळून पण देत नाहीत."

"म्हणून तू गाळलंस."

"गुंडीत ओतलं, चौपदरी फडक्यातून. सकाळी निवळलेलं वरवरचं पुन्हा गाळलं आणि कॅनमध्ये भरलं. छान दिसत होतं. बकारामले पण सांगितलं, साफ करून दिलं गा."

म्हणजे रात्रभर हवा लागून फेरसचा फेरिक झाला, फेरिक तळाशी बसला, उरलेला फडक्यात अडकला. लोह काढायचं यंत्र जे करतं, तेच आईने एका रात्रीत केलं होतं. मला हसू येत होतं आणि रडू पण. हे कोण करेल? जिला पाणी तपासायचं म्हणजे काय ते माहीत नाही, पण पाणी द्यायचं कसं ते पक्कं माहीत आहे, तीच.

"सभेत कळलं ना तुला?"

"तू विचारलं तेव्हाच कळलं. मी बायांमध्ये बसली होती. उठावं म्हटलं. पाय उठले नाहीत. आणि मग तुझे बाबूजीच उठले."

बाबूजी दारात होते. कधीपासून, माहीत नाही. चपला हातात होत्या.

ते आत आले, पाटावर बसले, फडका घेऊन उजेडाकडे धरला. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"मले कावून नाही सांगितलं?" आईला विचारलं.

"तुम्ही ठराव मांडून बसले होते. तुमचं बोलणं खाली कसं पाडू?"

बाबूजींनी मान हलवली. मग माझ्याकडे वळले. आवाज सभेतल्यासारखाच शांत होता. "हे बघ बेटा. उद्या ठराव झाला, की दुसरा नमुना जाईल. यंत्र येईल. गावाचं काम होईल. बकारामले मी उघडं नाही पडू देणार, माझ्या धानाच्या गिरणीवर ठेवतो. त्याचं पण ठीक, गावाचं पण ठीक. तुझ्या आईचं नाव कायले पाहिजे त्यात? लोक हसतील. वर्षभर हसतील. हिले विहिरीवर, लग्नात, जिथं जाईल तिथं ऐकवतील."

"आणि काकांना काय ऐकवतील?" मी विचारलं. "स्टेशनच्या नळाचं पाणी भरणारा. गिरणीवर पण तेच."

"तो कबूल आहे, सभेत उलटून बोलला नाही."

"ते कबूल झाले आईसाठी, बाबूजी. नाव नाही सांगितलं. मी समोर बसून विचारलं तरी नाही."

बाबूजींनी पाण्याचा लोटा खाली ठेवला, न पिता. आई चुलीतली राख सारखी करत होती. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं. मी बसले. तिच्या खांद्याला खांदा लावून. तिच्या अंगाला कोंड्याचा वास होता.

स्पर्धेत टाळ्या पडतात तेव्हा वाटतं, आपल्याला बोलता येतं. ते काही खरं नाही. लिहून, पाठ करून कुणालाही बोलता येतं. आत्ता माझ्याजवळ काहीच पाठ नव्हतं.

"आई, बाबूजी," मी म्हटलं, "मी ठरवलंय. उद्या ठराव वाचायच्या आधी मी सभेत उठणार आहे. दोन्ही अहवाल नेणार आहे, फडका पण नेणार आहे. पाणी आमच्या घरी गाळलं गेलं, आईने चांगल्या मनाने गाळलं, आणि लोह त्या गाळात राहिलं, हे सांगणार आहे. दुसरा नमुना पाठवायला कारण लागतं ना, तर हे खरं कारण लिहा म्हणणार आहे. रश्मी मॅडम नव्या कॅनमध्ये ॲसिडचे थेंब टाकून देतील, मग लोह विरघळलेलंच राहील, तळाशी बसणार नाही. आणि बकारामकाकांची माफी मागणार आहे, सगळ्यांसमोर, कारण त्यांचं नाव सगळ्यांसमोर मीच घेतलं होतं. आई, तू आलीस तर तुझ्या शेजारी उभी राहून सांगेन. नाही आलीस तर एकटी सांगेन. पण सांगणार आहे."